रिकामे हात

आमच्या गावात संध्याकाळी बायका हातपंपावर भेटल्या की एक प्रश्न ठरलेला असतो. "का केलं व आज दिवसभर?" उत्तरही ठरलेलं असतं. "काई नाई वो. घरीच होती."

हे "काई नाई" मी साठ वर्षं ऐकते आहे. आईच्या तोंडून ऐकलं, सासूच्या तोंडून ऐकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा सुटीच्या दिवशी माझ्याही तोंडून तेच निघायचं. दिवसभर काहीच केलं नाही, असा दिवस बाईच्या आयुष्यात येतो तरी का? आणि समजा आलाच, तर ती खाली मान घालून सांगायची गोष्ट आहे का? हे प्रश्न दोन आहेत आणि वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी हे लिहायला बसले.

आमचं गाव आरमोरी तालुक्यात. हा धानाचा मुलूख. इथं वर्षाचे बहुतेक दिवस आधीच कुणीतरी वाटून दिल्यासारखे असतात. मार्च-एप्रिलात पहाटे उठून मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपानं तोडायची, पाऊस आला की पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टात बांधीतल्या चिखलात वाकून रोवणी करायची. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग बांधणी, पुंजणे, मळणी. या सगळ्यात एक लहानशी फट सापडते. रोवणी आटोपलेली असते, निंदण अजून अंगावर आलेलं नसतं, पोळा आठ-दहा दिवसांवर असतो आणि बाहेर झड लागलेली असते. दोन-दोन, तीन-तीन दिवस पाऊस उघडत नाही. तिकडं दक्षिणेत पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटल्याची बातमी येते. इकडं नाल्यावर पाणी चढतं, एसटी येत नाही आणि सगळं गाव आपापल्या कवेलूखाली बसतं. घरातला शांत दिवस म्हणतात तो हा.

या शांत दिवसात बाई काय करते? पहाटे पाचला उठते. ओली लाकडं पेटत नाहीत, म्हणून आधी सुकी काडी शोधते आणि धुरात डोळे पुसत चहा ठेवते. रात्री कवेलू कुठं गळलं ते बघून तिथं गंज ठेवते, भरला की रिकामा करते. शेण काढते, बकऱ्यांना पाला टाकते, कोंबड्या मोजते. तांदळात किडे झालेत का ते सुपात घेऊन बघते. कालच्या ओल्या कपड्यांची जागा बदलते, कारण झडीत कपडे वाळत नाहीत, नुसते जागा बदलतात. कुणी रानातून वास्ते आणून दिलेले असतात, ते सोलून, चिरून, उकळून पाणी काढून टाकते. परसातला तरोटा खुडते. भात, भाजी, मुलांचं जेवण, म्हाताऱ्यांचं जेवण, भांडी. तोपर्यंत दुपारचे दोन वाजतात. मग ती सपरीत येऊन बसते आणि म्हणते, "आज काई कामच नाई व."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळालं. काही न केलेला दिवस येत नाही. ज्याला आपण "काही नाही" म्हणतो, ते रोज उठून केल्याशिवाय घर उभं राहत नाही. एक दिवस ते थांबलं की मात्र सगळ्यांना दिसतं.

आमच्या जिल्ह्यात "काही नाही" या शब्दांना आणखी एक अर्थ आहे, तोही सांगायला हवा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन भाग झाले आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर बाहेरच्या जगाला आमचं नाव बहुतेक वेळा कळलं ते स्फोटाच्या आणि गोळीबाराच्या बातमीतून. पुण्या-मुंबईला कुणाला गाव सांगितलं की पहिला प्रश्न, "तिकडं काही झालं तर नाही ना?" रात्री गाडी उशिरा आली, मुलगा दक्षिणेकडच्या तालुक्यात नोकरीला असला, की घरातलं माणूस दारात उभं राहून विचारतं, "काही झालं नाही ना?" "नाही, काही नाही," हे उत्तर आलं की आत जाऊन पान वाढायचं. ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवसाची किंमत आमच्या लोकांना वेगळी सांगावी लागत नाही. असा दिवस आपोआप मिळत नाही, तो अनेक हातांनी मिळून सांभाळलेला असतो, हे आम्ही पाहिलेलं आहे. तरीही घरातला शांत दिवस मात्र आम्ही फुकटचा धरतो.

दुपारी दोननंतरचा वेळ म्हणजे सुई-दोऱ्याचा वेळ. आमच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो, त्यामुळे पुस्तकातली वाकळ आमच्याकडं वाकर. सपरीतली कोरडी जागा बघून जुनं लुगडं अंथरायचं. त्यावर फाटके शर्ट, धोतराचे तुकडे, सुनेच्या विटलेल्या साड्या एकमेकांना भिडवून लावायच्या. वर सगळ्यात मऊ लुगडं. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा, जे हाताशी येईल ते वजन ठेवायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. मग तीन बाजूंनी तिघी बसतात आणि धावदोऱ्याने कडेकडेने आत येत राहतात. ज्यांच्या घरी कोपरा वाऱ्या-पावसापासून आडोशाला आहे त्यांच्या घरी सगळ्या जमतात. माझ्या घरी समोरची काकू येते, मागच्या घरची सून येते, कधी तिची नणंद माहेरी आलेली असली तर तीही.

टाक्यावरून बाई ओळखता येते. काकूचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एका ओळीत, जणू दोरी लावून घातलेला. मागच्या घरच्या सुनेचा टाका लांब, कारण तिचं लेकरू मध्येच उठतं आणि तिला घाई असते. माझा टाका डावीकडं कलतो. माझ्या सासूबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्यांनी शिवलेली वाकर उलटी केली की कुठं त्या एकट्या बसल्या होत्या आणि कुठं त्यांच्यासोबत दुसरी कुणी होती हे अजून सांगता येतं. एका जागी टाके अचानक दाट होतात. तिथं बहुधा काहीतरी जोराचं बोलणं चाललं असणार, असं आम्ही हसून म्हणतो.

कारण शिवणं हे निमित्तच असतं. खरं काम असतं बोलण्याचं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या नवऱ्याने पुन्हा दारू धरली, बचतगटाचा हप्ता कुणाचा थकला, कुणाचं पोरगं वडशाला झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत तबला वाजवायला जाणार म्हणतं. या बोलण्यातून किती तरी गोष्टी मार्गी लागलेल्या मी पाहिल्या आहेत. एका मुलीचं ठरलेलं लग्न तिचं वय भरत नाही म्हणून थांबलं, ते कोणत्याही सभेत ठरलं नाही. ते एका वाकरीच्या तिन्ही बाजूंनी ठरलं. पण संध्याकाळी हातपंपावर त्या तिघींपैकी कुणालाही विचारलं असतं, तर उत्तर "काई नाई" हेच आलं असतं.

सपरीसमोर लिंबाचं झाड आहे, त्याच्या पलीकडं वांग्याचा वाफा. पावसाळ्यात तिथं शिंपी पक्ष्याची जोडी असते. अंगठ्याएवढा जीव, पण आवाज असा की पावसातही घरभर ऐकू येतो. हा पक्षी एक रुंद पान किंवा शेजारची दोन पानं वळवून त्यांच्या कडांना चोचीने भोकं पाडतो आणि कापसाचा तंतू, कोळ्याचं जाळं असं काहीतरी त्यातून ओढून घेतो. बाहेरच्या बाजूला तंतूचा फुगीर गोळा राहतो, त्यामुळे तो मागं निसटत नाही. आपल्यासारखा तो सलग दोरा चालवत नाही, एकेक टाका स्वतंत्र असतो. काकू म्हणते, "हे पाखरू मायापेक्षा बरं. याले सुईत दोरा ओवा लागत नाई."

यातली गंमत पुढंच आहे. नाव शिंपी, म्हणजे पुरुषाचं. पण पानं शिवायचं काम मुख्यत्वे मादी करते. आणि बोडीच्या काठावर शिंदीला लटकलेली जी घरटी आहेत, ती विणणाऱ्या पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, म्हणजे बाईचं नाव. तिथं विणकाम सगळं नराचं. धानाच्या आणि गवताच्या पात्याच्या पट्ट्या फाडून शेकडो खेपा करून तो घरटं विणतो. अर्धं झालं की मादी येऊन बघते, पसंत पडलं तर राहते आणि मग तो उरलेलं पुरं करतो. ती आत मऊ अस्तर घालते. म्हणजे शिवणारीला आपण शिंपी म्हटलं आणि विणणाऱ्याला सुगरण. पाखरांना त्याने काही फरक पडत नाही. पण काम कुणाचं आणि नाव कुणाचं, यात माणसांची नजर किती सहज चुकते, हे त्यातून दिसतं.

सुगरणीचं हे सगळं बारकाईने पाहिलं ते सलीम अलींनी. त्याची गोष्ट मी शाळेत मुलांना सांगत असे. १९३० साली जर्मनीहून शिकून आल्यावर त्यांना नोकरी नव्हती. मुंबईच्या संग्रहालयातली जागा पैशांअभावी गेली होती. मग ते आणि त्यांच्या पत्नी तेहमिना अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. तिथं जवळच सुगरणींची घरटी होती. ते रोज तासन्‌तास बसून बघत राहिले. नर अर्धं घरटं बांधून मादीला दाखवतो, ती रमली की दुसरं बांधायला घेतो, दुसरी मादी आणतो, हे त्यांनी त्यातून उलगडलं आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. आपल्याकडं मारुती चितमपल्लींनी वनखात्यात राहून रानात अशीच वर्षं काढली आणि पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावं गोळा केली. चितमपल्लींचा जन्म ५ नोव्हेंबरचा आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबरचा, म्हणून त्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

मला या थोर माणसांबद्दल आदरच आहे. पण सपरीत बसून एक प्रश्न डोक्यात येतोच. नोकरी नसलेला माणूस घरट्यापुढं तासन्‌तास शांत बसला, त्याला आपण अभ्यास म्हटलं, आणि ते बरोबरच आहे. आमच्या सपरीतल्या काकूने पंचवीस पावसाळे त्याच लिंबावरचा शिंपी पाहिला आहे. तो कोणत्या झडीत पानं सोडून जातो, भारद्वाज आला की कसा ओरडतो, पिल्लं उडून गेली की तेच वाळलेलं पान किती दिवस लटकतं, हे तिला ठाऊक आहे. तिने हे बघितलं ते वाकर शिवता शिवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून. सुई खाली ठेवून ती नुसती पाखराकडं बघत बसली असती, तर लोकांनी काय म्हटलं असतं?

आता मोजणीची गोष्ट. आमच्या बायकांना मोजलेलं काम माहीत नाही असं नाही. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे रानात जायचं, पानं आणायची, घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पुड्यांच्या शेकड्यावर मजुरी. त्या पंधरा-वीस दिवसांत कुणी बाईला विचारलं, "का केलं आज?" तर ती ताठ मानेने सांगते, "दीडशे पुडे." तेच हात, तेवढेच तास. पण मोजलं गेलं की मान वर होते.

देशानेही हे मोजायला अलीकडे सुरुवात केली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात निघालं. तेही असं, की बायकांमध्ये शंभरातल्या ८१ जणी हे काम करत होत्या आणि पुरुषांमध्ये शंभरातले २६. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बायकांची मिनिटं २८९ होती आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली, अंतर होतं तिथंच राहिलं.

न्यायालयातही हा प्रश्न गेला. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, कैदी यांच्याबरोबर काम न करणाऱ्यांच्या वर्गात टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका निकालात यावर कडक शब्दांत नाराजी सांगितली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की अपघातात गृहिणी गेली तर तिच्या कामाची किंमत धरून भरपाई ठरवली पाहिजे. हे चांगलंच झालं. मागं उरलेल्या लेकरांना त्याने आधार मिळतो. पण ते वाचताना मनात येतं, बाईच्या दिवसाचा हिशेब कुणीतरी मांडला खरा, पण केव्हा, तर ती गेल्यावर.

म्हणून मोजणीच्या बाजूने मी आहे. जिथं अन्याय झाला आहे तिथं आकडा लागतोच, आकड्याशिवाय कुणी ऐकत नाही. पण २९९ मिनिटं मोजून झाली, तरी उरलेल्या मिनिटांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. बाईने काम केलं म्हणून तिला मान द्या, असं म्हणणं सोपं आहे. काम केलं नाही तरी तिला बसू द्या, असं म्हणायला जीभ अडखळते. माझ्या मते खरी परीक्षा तिथंच आहे.

आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर पार आहे. झडीच्या दिवसांत देवळाच्या छपरीत पुरुष बसलेले असतात. त्यांच्या हातात काही नसतं. फार तर खर्रा घोटतात. त्यांना कुणी विचारत नाही, की तुम्ही का बसलात. बसले म्हणजे बसले. याच गावात मी तरुणपणापासून एकही बाई रिकाम्या हाताने बसलेली पाहिली नाही. तिच्या हातात सूप असतं, नाही तर लेकरू, नाही तर सुई. आणि सुई कशासाठी असते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सपरीत तिघी सावकाश शिवत बसलेल्या असतात, बोलण्यात रंगलेल्या असतात. तेवढ्यात भासरे किंवा मामाजी दारातून येताना दिसतात. सून डोक्यावर पदर घेते आणि सगळ्यांच्या सुया एकदम भरभर चालू लागतात. ते आत निघून गेले की पुन्हा सावकाश. सुई म्हणजे बसण्याचा परवाना आहे. तो हातात दिसला की कुणी उठवत नाही.

विश्रांती म्हणजे काय हे आमच्या लोकांना कळत नाही असं नाही. पोळ्याचंच बघा. आदल्या दिवशी बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकतात, हळद-लोणी लावतात, त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा नियम. वर्षभर ज्याचा खांदा झिजला त्याचं ऋण मानायचं आणि त्याला एक दिवस पूर्ण मोकळा द्यायचा, यापेक्षा चांगला विचार कोणत्या पोथीत आहे मला माहीत नाही. पण त्या दिवशी पुरणपोळ्या कोण करतं? पहाटेपासून डाळ कोण शिजवतं, घर कोण सारवतं? बैलाला नैवेद्य दाखवून झाला की बाई उष्टी भांडी घेऊन परसात जाते. रोवणी बैलाने केली नव्हती. चिखलणीपर्यंत तो होता, पुढं वाकून धान रोवलं ते तिच्या कमरेने. त्या कमरेला शेक द्यायचा सण आमच्या पंचांगात नाही.

बाईला बसवायची एक रीत आहे, पण तिचं रूप वेगळं आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या माडिया गावांत कुर्माघर असतं. पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेरच्या झोपडीत राहायचं, चूल शिवायची नाही. काही जण म्हणतात, तेवढेच दिवस तिला विसावा मिळतो, बायका एकत्र बसतात, बोलतात. गेल्या काही वर्षांत काही गावांत त्या झोपड्यांच्या जागी पक्क्या खोल्या झाल्या, पलंग आले, संडास आले. सोय झाली हे बरंच झालं. पण कितीही पक्कं बांधलं तरी त्या घराच्या पायात विटाळ आहे. शिवाय चूल सुटली तरी शेतातलं काम सुटतंच असं नाही. आणि आपण इकडचे लोक त्यांना नावं ठेवायला मोकळे नाही. आमच्याकडंही बाई आजारी पडल्याशिवाय तिला दिवसा आडवं होता येत नाही. दुखणं, विटाळ किंवा हातातली सुई, यातलं एक कारण दाखवावंच लागतं. नुसतं "बसावंसं वाटलं" हे कारण चालत नाही.

यावर काकूशी माझं एकदा बोलणं झालं. तिला माझं म्हणणं पटलं नाही. ती म्हणाली, "तू शिकलेली आहेस बाई, तुले सारंच दुःख दिसते. मले शिवाले आवडते. हात खाली रायला का मन भलतीकडंच जाते." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिचा नवरा लवकर गेला, दोन लेकरं तिने मजुरीवर वाढवली. त्या वर्षांत सुईने तिला सावरलं असणार. टाक्याला टाका लागत जातो, फाटलेलं जुळत जातं, त्यात मनाला जो निवांतपणा आहे तो मलाही ठाऊक आहे. तो कुणी काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. सगळं काम म्हणजे ओझंच, असं मानणारा माणूस कधी काही हौसेने शिवायला बसलेला नसतो.

पण हौसेची सुई आणि परवान्याची सुई यांत फरक कसा ओळखायचा? मला एक साधी कसोटी सापडली आहे. कुणी मोठं माणूस दारात आलं तर ती सुई खाली ठेवता येते का? ठेवता आली, तर ती हौस. वेग वाढवावा लागला, तर ती भीती. याच कसोटीने इतर कामंही बघता येतात. घरात पाहुणा आला आणि सून सगळ्यांबरोबर बसून बोलू शकली, तर त्या घरातलं काम घराचं आहे. ती उठून उगाच भांडी वाजवू लागली, तर ते काम तिच्यावर टाकलेलं आहे. शहरातही हे वेगळं नसावं. माझी भाची नागपूरला कचेरीत नोकरी करते. ती सांगते, साहेब येताना दिसले की सगळे संगणकाकडं बघून बोटं चालवू लागतात. म्हणजे परवान्याची सुई तिथंही आहे, फक्त तिथल्या पुरुषांनाही ती धरावी लागते.

तर मग त्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. शांत दिवस ही खाली मान घालून सांगायची गोष्ट नाही. पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही, ही मात्र मान खाली घालण्यासारखी गोष्ट आहे. एका घरात कोण किती कमावतं यावरून त्या घराचा न्याय कळत नाही. त्या घरात रिकाम्या हाताने कोण बसू शकतं, आणि बसल्यावर कुणाला कारण विचारलं जातं, यावरून कळतो. मोजायचंच असेल तर हेही मोजावं. त्याला सरकारी पाहणी लागत नाही. घरातल्या पुरुषाने झडीच्या दिवशी एकदा गळक्या कवेलूखालचा गंज रिकामा केला, वास्ते सोलले, भांडी घासली आणि बायकोला म्हटलं, "बस तू," तर तेवढी मोजणी पुरे.

काकू आता पंचाहत्तरीच्या पुढं गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सुईत दोरा ओवणं तिला जमत नाही. नात ओवून देते, पण टाका पूर्वीसारखा पडत नाही म्हणून तिने शिवणंच सोडलं. हल्ली ती दुपारी सपरीत येऊन बसते, हात मांडीवर ठेवून, लिंबाकडं बघत. रस्त्याने जाणारी बाई थांबते आणि काळजीने विचारते, "बरं नाई का व मावशी?"

"बरी आहो ना. बसली आहो."

बाई क्षणभर घोटाळते आणि पुढं जाते. परवा मी काकूला विचारलं, "मन भलतीकडं जाते का गं आता?"

"जाते ना," काकू म्हणाली. "जाऊ दे. फिरून येते घरी."